बंगळूर ते कारवार : समुद्राच्या सोबतीने आठ निवांत दिवस

*बंगळूरला समुद्र नाही. पण सकाळी गाडीत बसले की संध्याकाळी खाऱ्या वाऱ्याची झुळूक अंगावर येते. वडीलधाऱ्यांना आणि मुलांना बरोबर घेऊन, धावपळ न करता कर्नाटकच्या किनाऱ्यावर सुट्टी कशी घालवावी? काय पाहावे, काय खावे आणि कुठे जपावे?*

बंगळूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले शहर. हवा थंड, रस्ते झाडांचे आणि माणसे मात्र सदैव घाईत. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. तसे पाहिले तर मराठी माणसाचे या शहराशी नाते जुनेच. शहाजीराजांचे वास्तव्य येथे होते आणि मल्लेश्वरमचे काडू मल्लेश्वराचे देऊळ व्यंकोजीराजांच्या नावाशी जोडलेले आहे. परंतु कोकणातून आलेल्या माणसाला या शहरात एक गोष्ट हमखास खटकते. येथे समुद्र नाही.

शहराच्या उत्तर भागातील एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील आजींचीही हीच तक्रार होती. फरक इतकाच, की त्या ती कधी बोलून दाखवत नसत. जन्म आणि सारे आयुष्य मालवणात गेलेले. यजमानांच्या निधनानंतर मुलाने त्यांना बंगळूरला आणले, त्याला 2 वर्षे झाली. मालवणचे घर बंद होते. ते विकून टाकावे, असा विचार मुलाच्या मनात होता आणि गिऱ्हाईकही चालून आले होते. कागदांवर आईची सही तेवढी बाकी होती. आईने 'नाही' म्हटले नव्हते आणि 'हो'ही म्हटले नव्हते.

नाताळच्या सुट्टीत समुद्रावर जायचे ठरले, तेव्हा मुलाने उत्साहाने बेत आखला. 4 दिवस आणि 9 ठिकाणे! सूनबाईंनी तो कागद पाहिला आणि सरळ पेन घेऊन निम्मी नावे खोडून टाकली.

"आईंचे गुडघे दुखतात, धाकटा 7 वर्षांचा आहे. ठिकाणं मोजायला जायचंय की सुट्टी घालवायला?" त्यांनी विचारले.

शेवटी 8 दिवसांत तीनच मुक्काम ठरले. उडुपी, गोकर्ण आणि कारवार. वाटेत जे सहज दिसेल ते पाहायचे, बाकीचे पुढच्या वेळी. कुटुंबासह सहलीला निघणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही पहिली गोष्ट आहे.

बोगद्यांची मोजदाद

बंगळूरहून किनाऱ्याकडे जाण्यासाठी रस्ता आहे. हासन, सकलेशपूर आणि शिराडी घाटातून मंगळूर सुमारे 350 किलोमीटर पडते. पण मुले आणि वृद्ध बरोबर असतील, तर रेल्वेसारखे सुख नाही. कारवारला जाणारी पंचगंगा एक्स्प्रेस रात्री निघते आणि वेळ वाचवते. परंतु ज्यांना घाट पाहायचा आहे त्यांनी यशवंतपूरहून आठवड्यातील ठराविक दिवशी सुटणारी दिवसाची गाडी धरावी.

सकलेशपूर सोडले की खरी गंमत सुरू होते. तेथून सुब्रमण्य रोडपर्यंतच्या सुमारे 55 किलोमीटरच्या टप्प्यात 57 बोगदे आणि शंभराहून अधिक पूल आहेत. हा मार्ग 1979 साली मीटरगेज म्हणून सुरू झाला. रुंदीकरणासाठी तो बंद ठेवण्यात आला आणि 2007 च्या डिसेंबरात प्रवासी गाड्या पुन्हा धावू लागल्या. चढ इतका तीव्र, की गाडी अगदी सावकाश चालते. एका बाजूला ओलसर काळा कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि मध्येच एखादा पांढरा ओहोळ. 2021 पासून या मार्गावरील दिवसाच्या गाड्यांना मोठ्या काचांचे व्हिस्टाडोम डबेही जोडले जाऊ लागले.

नात आणि नातू बोगदे मोजू लागले. चाळिसाच्या पुढे दोघांच्या आकड्यांत फरक पडला आणि भांडण जुंपले. आजींनी डब्यातून धपाटे आणि दही काढले, तेव्हा कुठे तह झाला. घाट उतरल्यावर डब्यातील हवा एकाएकी दमट झाली. खिडकीबाहेर सुपारी आणि नारळीच्या बागा दिसू लागल्या. आजींनी अंगावरची शाल काढून घडी घातली. बंगळूरला आल्यापासून डिसेंबर महिन्यात त्यांनी प्रथमच शाल बाजूला ठेवली होती.

उडुपी : कृष्णाचे आणि खवय्यांचे गाव

भारताच्या कोणत्याही शहरात 'उडुपी' हा शब्द पाटीवर वाचायला मिळतो. पण ते एक देवाचे गाव आहे, हे अनेकांच्या ध्यानात नसते. तेराव्या शतकात द्वैतमताचे प्रवर्तक मध्वाचार्य यांनी येथे श्रीकृष्णाची स्थापना केली. मालपेच्या समुद्रात वादळात सापडलेले जहाज आचार्यांनी वाचवले आणि त्यातील गोपीचंदनाच्या ढेकळात ही मूर्ती सापडली, अशी कथा सांगतात. हातात रवी धरलेल्या या बाळकृष्णाचे दर्शन 9 छिद्रांच्या चांदीच्या खिडकीतून घ्यावे लागते. देवळाच्या पश्चिमेची 'कनकाची खिडकी' प्रसिद्ध आहे. संत कनकदासांना आत प्रवेश मिळाला नाही, तेव्हा देवच त्यांच्याकडे वळला आणि भिंतीला भगदाड पडले, अशी श्रद्धा आहे. चोखोबांची कथा ऐकत वाढलेल्या मराठी भाविकाला ही खिडकी परकी वाटत नाही.

देवळाभोवती 8 मठ आहेत आणि पूजेचा अधिकार दर 2 वर्षांनी एका मठाकडून दुसऱ्याकडे जातो. या सोहळ्याला पर्याय म्हणतात. दुपारी हजारो भाविक येथे प्रसादाचे जेवण घेतात. पुरुषांना आत जाताना सदरा काढावा लागतो, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

आता पोटोबाकडे वळू या. उडुपीत सकाळची न्याहारी हॉटेलच्या खोलीत मागवण्याची चूक करू नका. रथबीदीच्या परिसरातील एखाद्या साध्या खाणावळीत जाऊन बसावे. फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेली इडली, म्हणजे कोट्टे कडुबू, येथे मिळते. पानाचा मंद वास इडलीत उतरलेला असतो. पिकलेल्या केळ्याच्या, किंचित गोड, पुरीसारख्या फुगलेल्या 'बन्स' मुलांना फार आवडतात. गोळीबजे म्हणजे मैद्याची आणि दह्याची लुसलुशीत भजी. नीर दोसा मात्र इतका पातळ आणि मऊ, की आपल्या मालवणी घावनाचा सख्खा भाऊच वाटावा. आजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर आमचे घावणे! नाव बदलून इथे येऊन राहिलेत."

उडुपीजवळच्या मट्टू गावाची हिरवी गोल वांगी, मट्टू गुळ्ळ, यांना 2011 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हंगामात त्यांचे सांबार अवश्य चाखावे. 'पुनर्पुळी' नावाचे लालबुंद सरबत समोर आले, तर बिचकू नका. ते आपले कोकमच! आणि रात्री जेवणानंतर मुलांनी 'गडबड' मागितली, तर रागावू नका. उंच पेल्यात फळे, जेली, सुकामेवा आणि थरावर थर आइस्क्रीम, असा हा पदार्थ गडबड या नावानेच विकला जातो.

मालपे आणि षट्कोनी खडकांचे बेट

उडुपीपासून जवळच मालपेचे मासेमारी बंदर आहे. येथून बोटीने सेंट मेरी बेटावर जाता येते. या बेटावर वाळू कमी आणि खडकच अधिक. पण काय ते खडक! जणू एखाद्या सुताराने षट्कोनी खांब तासून शेजारी शेजारी उभे केले आहेत. सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी, मादागास्कर भारतापासून वेगळा होत असताना बाहेर पडलेला लाव्हा थंड होत गेला, आकसला आणि त्याला अशा भेगा पडल्या, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. वास्को द गामा 1498 साली येथे उतरल्याची दंतकथाही प्रचलित आहे. पावसाळ्यात बेटाची बोटसेवा बंद असते. खडक निसरडे आहेत, म्हणून पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट हवेत. आजी बोटीत चढल्या नाहीत. त्या मालपेच्या वाळूवर छत्री उघडून बसल्या आणि दोन तासांनी सगळे परतले, तेव्हा तेथेच बसलेल्या होत्या. कंटाळा आला का, असे विचारताच त्या हसल्या.

संध्याकाळी वेळ असेल तर उडुपीच्या दक्षिणेस कापूचे दीपगृह पाहावे. 1901 साली बांधलेले हे दीपगृह समुद्रातच घुसलेल्या खडकावर उभे आहे.

मासे खाणाऱ्यांसाठी एक छोटी शिकवणी. येथील भाजलेल्या, तळलेल्या माशांच्या यादीत 'अंजल' दिसले तर ती सुरमई समजावी. 'बंगुडे' म्हणजे बांगडा, 'बुताई' म्हणजे तारली, 'काणे' म्हणजे मुडदुशी आणि 'एट्टी' म्हणजे कोळंबी. कोंबडीच्या रश्श्यात कुस्करून खायची तांदळाची कुरकुरीत रोटी, कोरी रोट्टी, ही तर तुळू घराघरातील खासियत. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगावे.

महाराजांच्या आरमाराची वाट

उडुपीहून मोटारीने उत्तरेस निघाले, की कुंदापूरच्या अलीकडे बसरूरचा फाटा लागतो. आज शांत असलेले हे गाव एके काळी भरभराटीचे बंदर होते. 1665 च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन निघाले ते येथे उतरले. 85 लहान गलबते आणि 3 मोठी जहाजे त्यांच्या ताफ्यात होती. बसरूरची लूट घेऊन परतताना महाराजांनी गोकर्णाला महाबळेश्वराचे दर्शन घेतले आणि मग ते अंकोला, कारवारकडे गेले. कारवारच्या इंग्रज वखारीलाही त्या वेळी खंडणीत आपला वाटा द्यावा लागला.

वडिलांनी ही हकीकत मुलांना सांगितली, तेव्हा नातवाने आजीकडे वळून विचारले, "म्हणजे शिवाजी महाराज तुझ्या गावाहून इथे आले होते?"

"आमच्याच बंदरातून," आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असा काही अभिमान होता, जणू सकाळीच आरमाराला निरोप देऊन त्या आल्या होत्या.

कुंदापूर ओलांडल्यावर मरवंतेला गाडी जरूर थांबवावी. रस्त्याच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी, असे दृश्य क्वचितच पाहायला मिळते. पुढे मुरुडेश्वर येते. समुद्रात शिरलेल्या टेकडीवर शंकराची 123 फूट उंच मूर्ती आणि समोर 20 मजली गोपूर. गोपुरात लिफ्ट असल्यामुळे वृद्धांनाही वरून समुद्राचे दर्शन घेता येते.

समुद्राचा धाक असू द्या

मुरुडेश्वरच्याच किनाऱ्यावर 2024 च्या डिसेंबरात शाळेच्या सहलीला आलेल्या 4 मुली बुडाल्या. कोवळ्या वयाची ती मुले पाण्यात उतरली आणि लाटांनी त्यांना ओढून नेले. त्याआधी 2019 च्या जानेवारीत कारवारजवळच्या कुर्मगड बेटावरील यात्रेहून परतणारी नाव उलटून अनेक भाविक प्राणास मुकले. या घटना आठवून सहलीचा आनंद कमी करायचा नाही, पण विसरायच्याही नाहीत.

समुद्र वरून शांत दिसतो, तेव्हाही परतणाऱ्या पाण्याचा ओढा पायाखालची वाळू काढून नेत असतो. अशा ओढ्यात सापडलेल्या माणसाने किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची शर्थ करू नये. तो दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढ्यातून बाजूला व्हावे आणि मग काठाकडे वळावे. मुलांना गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ देऊ नये आणि मोठ्यांपैकी एकाची नजर सतत त्यांच्यावर असावी. दुसऱ्याची नजर असेल, असे सगळेच समजतात आणि तेथेच घात होतो. जीवरक्षक नेमलेले किनारे निवडावेत. कर्नाटकातील पडुबिद्री आणि होन्नावरजवळील कासरकोड या किनाऱ्यांना 2020 साली स्वच्छता आणि सुरक्षिततेसाठी दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले. कासरकोडला शरावतीच्या खाडीतील खारफुटीतून लाकडी पायवाटेवरून फिरताही येते.

याच किनाऱ्यावर वडिलांच्या खिशातील फोन वाजला. कचेरीतून होता. ते बोलत बोलत सुरूच्या झाडांकडे गेले आणि तेवढ्या वेळात नातू कमरेएवढ्या पाण्यात पोहोचला. जीवरक्षकाची शिट्टी वाजली. पण त्याआधीच साडीचा काचा मारून आजी पाण्यात शिरल्या होत्या आणि त्यांनी त्याचे मनगट धरले होते. गुडघे दुखणाऱ्या आजी! काठावर आल्यावर त्या नातवाला रागावल्या नाहीत. मुलाला एवढेच म्हणाल्या, "दर्याकडे पाठ करायची नाही, हे तुला मी तिसऱ्या वर्षी शिकवलं होतं."

त्या दिवसानंतर वडिलांचा फोन दिवसा बॅगेतच राहिला.

गोकर्णाचा विसावा

गोकर्ण हे क्षेत्र आहे आणि विश्रांतीचे ठिकाणही. रावणाने शंकराकडून मिळवलेले आत्मलिंग लंकेला नेऊ नये, म्हणून गणपतीने बटूच्या वेषात येऊन ते येथे जमिनीवर ठेवले. रावणाने कितीही पिळून ओढले तरी ते हलले नाही आणि गाईच्या कानासारखा त्याचा आकार झाला, अशी कथा आहे. देवळाजवळच्या अरुंद गल्ल्यांत पूजेचे साहित्य, केवड्याची पाने आणि कोकमाची सोले विकणारी लहान दुकाने आहेत. गावाबाहेर कुडले आणि ओम् हे किनारे. ओम् किनारा टेकडीवरून पाहिला की ॐकारासारखा दिसतो. त्यापुढचे हाफ मून आणि पॅराडाइज किनारे चालत किंवा नावेने गाठावे लागतात. वृद्धांनी तो हट्ट धरू नये. कुमट्याजवळचा मिर्जानचा किल्ला मात्र सहज पाहता येतो. जांभ्या दगडाच्या भिंतींवर हिरवे शेवाळ चढलेला हा किल्ला 'मिऱ्यांची राणी' म्हणून ओळखल्या गेलेल्या चेन्नभैरादेवीशी जोडला जातो.

गोकर्णात या कुटुंबाने दोन दिवस काहीही केले नाही. सकाळी किनारा, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा किनारा. नातीने आजीकडून सागरगोट्यांचा खेळ शिकून घेतला.

कारवार : भाषा ओळखीची

शेवटचा मुक्काम कारवार. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथे कोकणीबरोबर मराठीही सर्रास समजते. रवींद्रनाथ टागोर 22 वर्षांचे असताना, जिल्हा न्यायाधीश असलेल्या आपल्या भावाकडे, सत्येंद्रनाथांकडे, येथे राहायला आले होते. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी येथेच लिहिले. शहराच्या किनाऱ्याला आज त्यांचेच नाव आहे. तेथेच 'चपळ' ही निवृत्त युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. काळी नदीपलीकडे सदाशिवगड. नदीवरचा जुना पूल 2024 च्या ऑगस्टमध्ये कोसळला, तेव्हा पलीकडच्या नव्या पुलावरूनच ये-जा करावी लागली. जवळच नौदलाचा मोठा तळ असल्यामुळे मनाई असलेल्या जागी छायाचित्रे काढू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी सुनेला घेऊन मासळी बाजारात गेल्या. 2 वर्षे बंगळूरच्या भाजीवाल्यांशी खुणांनी व्यवहार करणाऱ्या आजींनी एका कोळणीसमोर बसून विचारले, "बांगडे कशे दिलंस गो?"

कोळणीने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "ताजे आसात, व्हर गो माये."

मग घासाघीस झाली, पावसाच्या चौकश्या झाल्या, कुठल्या गावच्या ते विचारून झाले. बांगडे विकत घेऊन झाल्यावरही दोघी बोलतच होत्या. सूनबाई पिशवी धरून उभ्या होत्या. इतके बोलताना त्यांनी सासूबाईंना बंगळूरच्या घरात कधीच ऐकले नव्हते.

मुक्कामाच्या घरमालकिणीने स्वयंपाकघर मोकळे करून दिले. त्या दुपारी त्रिफळे घातलेले बांगड्याचे तिखले, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी, असा बेत झाला. सूनबाईंनी सारे वहीत उतरवून घेतले. आठ दिवसांतले ते सर्वांत चविष्ट जेवण होते, यावर मुलांचेही एकमत झाले.

संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर बसले होते. सूर्य बुडायला आला होता. बराच वेळाने मुलगा म्हणाला, "आई, तुला तिकडे जायचं असतं, हे तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नव्हतंस," आजी म्हणाल्या. "मला तिथे एकटीने राहायचं नाही. पण घर आहे, एवढं माहीत असलं की इथे नवव्या मजल्यावरही झोप येते."

मुलगा काही वेळ लाटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "विकायचं राहू दे तूर्त. मे महिन्यात मुलांची शाळा सुटली, की जाऊन उघडू या. कौलं बघावी लागतील."

आजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी चपला काढल्या, नातवाचा हात धरला आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. या वेळी वडीलही त्यांच्यामागे गेले.

निघण्यापूर्वी

* ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात घाटात आणि किनारी महामार्गावर दरडी कोसळतात. 2024 च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूर येथे मोठी दरड कोसळून जीवितहानी झाली होती. जून आणि जुलै हे मासेमारी बंदीचे महिने असल्याने ताजी मासळीही कमी मिळते.

* रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते. सुट्टीत ते लवकर संपते. घाटमार्गावर कामे निघाली तर दिवसाच्या गाड्या बंद राहतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहून घ्यावे.

* महाराष्ट्रातून येणाऱ्यांना 1998 साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने कारवार, गोकर्ण रोड, मुरुडेश्वर आणि उडुपी या स्थानकांवर उतरता येते. त्यांनी हीच सहल उलट क्रमाने करावी.

* सुती कपडे, टोप्या, वृद्धांची नेहमीची औषधे आणि पिण्याचे पाणी जवळ असावे.

* आणि एक गोष्ट बेतात लिहून ठेवावी. निदान एक दिवस असा, की ज्या दिवशी कोठेही जायचे नाही.